नौपाड्यातला जुना पियानो आणि वसईचे ट्यूनर अंकल

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या घरच्या पियानोचं काम वसईच्या एका ट्यूनरनी, म्हणजे पियानोचे सूर लावणाऱ्या कारागिरानी, केलं. तीन फेऱ्या, सगळे मिळून साधारण बारा तास. ठाण्यात पियानो असलेली घरं आहेत, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये तर वाढतायत, पण ट्यूनर कुठून आणायचा हे विचारलं की जो तो मुंबईकडे बोट दाखवतो. मला शोधायला दीड महिना लागला. दुसऱ्या कोणाचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे, आणि त्यांचं काम इतकं सुंदर आहे की ते चार लोकांना कळावं असंही मनापासून वाटतं.

पियानो माझा नाही, माझ्या मिसचा. मासुंदा तलावाजवळच्या चर्चच्या मागे त्या राहायच्या आणि तिथेच शिकवायच्या. आठव्या वर्षापासून मी त्यांच्याकडे जात होते. उभा पियानो, लंडनमध्ये बनलेला, झाकणाच्या आतलं सोनेरी नाव तेव्हाच अर्धं पुसलेलं. मिसनी लायसेन्शिएट या पदविकेपर्यंतच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या आणि त्यांना मैफलीत वाजवायचं होतं. एकदा मुंबईत वाजवलंही. मग वडील गेले, धाकटी भावंडं होती, शाळेत नोकरी धरली. १९९४ साली त्या कायमच्या गोव्याला निघाल्या तेव्हा पियानो मला देऊन गेल्या. आठ हमालांनी तो आमच्या पहिल्या मजल्यावर चढवला. त्यानंतर मी वाजवत राहिले, पण पियानोची देखभाल म्हणावी तशी केली नाही. बँकेतली नोकरी, सासूबाईंचं आजारपण, यात वर्षं गेली.

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, याच पियानोवर शिकायला लागली आणि आज जर्मनीत लाइपझिगला आहे. १८४३ साली संगीतकार मेंडेल्सननं सुरू केलेल्या तिथल्या संगीतशाळेत शिकली, आता छोट्या मोठ्या मैफली करते. जूनमध्ये तिचा फोन आला, "मावशी, जुलैच्या शेवटी चार आठवडे येतेय. पण सप्टेंबरमध्ये कार्यक्रम आहे, रोज पाच तास बसावं लागेल. आपला पियानो वाजतोय ना?"

वाजत होता. पण मैफलीत वाजवणाऱ्या माणसानं रोज पाच तास बसावं असा नव्हता.

पहिला अनुभव आधी सांगते, नाव न घेता. शहरातल्या एका दुकानामार्फत एक तरुण आला. मोबाइलवर अ‍ॅप उघडलं, एकेक पट्टी दाबून हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी फिरवली. पन्नास मिनिटांत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या झाल्या. वरच्या सप्तकातली एक तार तुटली, ती तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी सगळा पियानो पुन्हा उतरलेला, आणि आधी निदान सगळा सारखा उतरलेला होता, आता जागोजागी वेगवेगळा. मी फोन केला तर म्हणाले, जुना आहे, विकून डिजिटल घ्या. मला याचं फार वाईट वाटलं होतं. त्या दिवशी मी पियानोचं झाकण लावलं ते भाची येईपर्यंत उघडलं नाही.

वसईच्या अंकलचा पत्ता पाचपाखाडीत पियानो शिकवणाऱ्या एका बाईंकडून मिळाला. साठीच्या पुढचे, मराठी आमच्यासारखंच बोलणारे, वडीलही हेच काम करायचे. फोनवर त्यांनी तीनच प्रश्न विचारले. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकून आहे का? आत बल्ब आहे का? शेवटचं ट्यूनिंग कधी? मी म्हटलं, भिंत बाहेरचीच, शून्याचा बल्ब आहे, आणि शेवटचं नीट ट्यूनिंग आठवत नाही. ते म्हणाले, "बल्ब आजच बंद करा. पियानो आतल्या भिंतीला घ्या. आठ दिवसांनी येतो, लगेच येऊन उपयोग नाही."

इथेच मला कळलं की या माणसाला काम कळतं. पियानोच्या मागे स्प्रूसच्या लाकडाची एक मोठी पातळ फळी असते, तारांचा आवाज तीच मोठा करते. पावसाळ्यात ती ओल पिते, फुगते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत उलट. आमच्याकडे ओल जावी म्हणून पियानोत बल्ब लावायची जुनी पद्धत आहे, पण आमचा बल्ब फळीला जवळजवळ चिकटून होता. एकाच जागी भाजून तिथे चीर पडायला आली होती, ती त्यांनी नंतर टॉर्च लावून दाखवली.

पहिल्या दिवशी दीड तास उशिरा आले. घोडबंदर रोड, त्यात गायमुखला पाणी. आल्यावर चहा नको म्हणाले, आधी भाचीला वाजवायला सांगितलं. ती चार दिवस त्या पियानोवर बसत होती आणि तिचा उजवा हात कोपरापासून दुखायला लागला होता. ती वाजवत होती तेव्हा अंकल तारांकडे नाही, तिच्या मनगटाकडे बघत होते.

मग त्यांनी पियानो उघडला. पुढची फळी, खालची फळी, पट्ट्यांवरची लाकडी झाकणपट्टी. आतून उंदरांनी कुरतडलेला फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, पेन्सिलीचा तुकडा, माझी शाळेतली केसांची पिन निघाली, आणि मधल्या सी च्या बाजूच्या पट्टीखाली वीस पैशांचं पितळी नाणं, कमळाचं. ती पट्टी दाबली की सावकाश वर यायची, इतकी वर्षं मला वाटायचं ती दमट हवेनं अडकते. नाणं बघितलं आणि मला मिसची खोली आठवली. स्केल वाजवताना मनगट हलू नये म्हणून त्या हाताच्या पाठीवर नाणं ठेवायच्या. पडलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यातलंच एक घरंगळून आत गेलं असणार. भाची म्हणाली, "मावशी, आता असं कोणी शिकवत नाही. मनगट मोकळंच हवं, नाहीतर हात जातो."

हात जाणं म्हणजे काय, हे ती आली तेव्हापासून मला रोज थोडं थोडं कळत होतं. मी लहान असताना मैफलीचा पियानोवादक म्हणजे झगमगीत मंच आणि टाळ्या एवढंच चित्र डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात सकाळी आठला ती पेन्सिल आणि मेट्रोनोम घेऊन बसते, रचनेतली चार मापं (बार) घेते आणि ती चाळीस वेळा वाजवते, आधी डावा हात, मग उजवा, मग दोन्ही, निम्म्या लयीत. दर पन्नास मिनिटांनी उठून दहा मिनिटं हात सोडते. पियानोवादक लिऑन फ्लायशरचं नाव तिनं मला सांगितलं. थोर पियानोवादक श्नाबेलचा शिष्य, ऐन भरात असताना १९६४ च्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळायला लागली. तीसेक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, शिकवत राहिला, ऑर्केस्ट्रा चालवत राहिला, आणि मग उपचारांनी दोन्ही हातांनी मंचावर परत आला. संगीतकार रॉबर्ट शूमनचं तर तरुणपणीच बोट निकामी झालं आणि तो वाजवणं सोडून रचनांकडे वळला. घर चाललं ते पुढे त्याची बायको क्लारा हिच्या मैफलींवर. नऊ वर्षांची असताना ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली, १८२८ साली, याच लाइपझिगमध्ये, आणि शेवटची जाहीर मैफल १८९१ ची. मध्ये आठ बाळंतपणं आणि १८५६ साली आलेलं वैधव्य. क्लाराचं ऐकताना मला राहून राहून मिस आठवत होत्या.

तर अंकलनी पहिला अख्खा दिवस सुराला हातच लावला नाही. दमटपणानं पट्ट्यांच्या भोकातला फेल्ट फुगला होता, म्हणून काही पट्ट्या दुप्पट जड लागत होत्या. एकेक पट्टी बाहेर काढायची, एका चपट्या चिमट्यानं फेल्ट हलकेच दाबायचा, परत बसवायची, तिच्यावर छोटी वजनं ठेवून ती किती ग्रॅमला खाली जाते ते बघायचं. पन्नासच्या आसपास आली की पुढची. काही ऐंशीला जात होत्या. भाचीचा हात त्यामुळेच दुखत होता. आधीच्या तरुणाच्या मोबाइलला हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या पट्ट्या सुरात होत्याच की.

दुसऱ्या दिवशी सूर. मधला ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४२८ ला होता. अंकल म्हणाले, "पावसात फळी फुगलेली असूनही एवढा उतरलाय. ४४० ला न्यायचा तर एक दोन तारा जातील, आधीच सांगतो. नाहीतर ४३५ ला ठेवू." भाचीनं विचार करून ४४० मागितलं, तिचा कान तिकडच्या चढ्या सुराला सरावलेला आहे. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा ते वीस टन. एक तार ताणली की सांगाड्यावरचा भार बदलतो आणि शेजारच्या उतरतात. म्हणून आधी सगळा पियानो ढोबळमानानं वर न्यायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून बारकाईनं. एकाच फेरीत केलेलं काम तिसऱ्या दिवशी का उतरलं, त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

बारीक काम बघण्यासारखं आहे. मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. दोघींमध्ये रबराच्या पाचरी घालून त्या मुक्या करायच्या आणि तिसरी एकटी लावायची. मग एक पाचर काढायची. दोन तारा एकत्र वाजल्या की सूर हेलकावतो, वांव, वांव, वांव. पाना खुंटीवर, हात दंडापासून स्थिर, आणि हालचाल इतकी बारीक की मला ती दिसतच नव्हती, फक्त ऐकू येत होती. हेलकावा लांबत जातो, आणखी लांबतो, आणि मग एकदम थांबतो, जणू पाणी निवळलं. लगेच अंकल तीच पट्टी जोरात, अगदी ठोकून वाजवतात. तरीही सूर हलला नाही, तरच पुढे. मी अडीच तास त्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसले होते. पंखा बंद, मिक्सर बंद, खालच्या वॉचमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

दुपारी वरच्या मजल्यावरचे गायनाचे मास्तर आवाज ऐकून खाली आले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "सगळं छान, पण तुमचा गंधार चढा आहे हो." मला वाटलं अंकल रागावतील. ते खूश झाले. म्हणाले, "बरोबर ओळखलंत. मुद्दामच चढा आहे." आणि त्यांनी सी आणि ई, म्हणजे सा आणि गंधार, यांच्या तारा क्षणभर तानपुऱ्यासारख्या शुद्ध मिळवून दाखवल्या. खोलीत एकदम शांत वाटलं. मास्तरांनी डोळे मिटले. मग अंकलनी समजावलं की पियानोवर बाराही सुरांवरून सारखंच वाजवता यावं लागतं, म्हणून चूक सगळ्यांना थोडी थोडी वाटून द्यावी लागते आणि गंधाराच्या वाट्याला जास्त येते, शुद्ध गंधाराहून चौदा सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभरातले चौदा भाग. ई परत जागेवर नेताना ते हळूच म्हणाले, "दर वेळी हा असा बिघडवताना मला वाईटच वाटतं."

संध्याकाळी चहाला सगळे बसलो तेव्हा भाची सांगत होती. बाकीचे वादक आपलं वाद्य बरोबर नेतात, पियानोवाल्याला गावोगावी समोर असेल ते वाजवावं लागतं. होरोवित्झ १९२५ साली रशिया सोडून गेला आणि १९८६ मध्ये मॉस्कोत परत वाजवायला आला तेव्हा न्यूयॉर्कहून स्वतःचा पियानो आणि आपला ट्यूनर फ्रान्झ मोर यांना घेऊन आला. रिश्टर अगदी उलट, पियानो निवडणं त्याला आवडायचं नाही, जो असेल त्यावर बसायचा. ग्लेन गूल्डनं १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि फक्त स्टुडिओत वाजवलं, पण तिथेही पियानो एकच लागायचा, स्टाइनवे कंपनीचा, सीडी ३१८ क्रमांकाचा, आणि तो लावणारा माणूस व्हर्न एडक्विस्ट, ज्याला लहानपणापासून जवळजवळ दिसतच नव्हतं. यावर अंकल म्हणाले, "माझ्या वडिलांचे डोळे शेवटी गेले होते. आम्ही त्यांना हात धरून पियानोपर्यंत न्यायचो, पुढचं ते करायचे." मग भाचीनं सांगितलं की तो सीडी ३१८ १९७१ मध्ये ने-आण करताना पाडला गेला आणि आतला लोखंडी सांगाडा तडकला. अंकलनी हातातला कप खाली ठेवला. "सांगाडा तडकला म्हणजे गेलाच तो." दुरुस्ती केली होती, पण खरंच तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. १९८१ मध्ये गूल्डनं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित केली ती यामाहावर.

शेवटचं काम हातोड्यांचं. वर्षानुवर्षं तारांवर आपटून हातोड्यांचा फेल्ट कडक झाला होता, आवाज पत्र्यासारखा. ठरावीक जागी सुया टोचून अंकलनी तो सैल केला. मास्तर बघत होते, म्हणाले, "ही तर तानपुऱ्याची जवारी काढणंच झालं." तंतोतंत. सूर तोच, पण त्याचा पोत बदलतो.

मग भाची बीथोवेनचा ओपस ११० हा पियानो सोनाटा वाजवायला बसली, सप्टेंबरमध्ये तोच वाजवायचा होता. १८२१ च्या नाताळच्या दिवसाची तारीख त्याच्या हस्तलिखितावर आहे. त्या वर्षी बीथोवेनला कावीळ झाली होती आणि कान तर आधीच गेलेले. शेवटच्या भागात विलापाचा सूर थकत थकत विझत जातो आणि मग जी मेजरचा एकच स्वरसमूह दहा वेळा येतो, आधी जेमतेम ऐकू येईल असा, मग प्रत्येक वेळी थोडा वाढत. मी तिच्या शेजारी उभी होते. काम होण्याआधी त्यातले पहिले दोन वाजतच नव्हते, पट्टी जड, इतक्या हलक्या दाबाला हातोडी तारेपर्यंत पोचायचीच नाही. आता पहिला आला, कापसासारखा. दुसरा. दहावा येईपर्यंत माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. भाची थांबली आणि अंकलकडे वळून म्हणाली, "दहाच्या दहा मिळाले." अंकल नुसते हसले आणि पाना पुसायला लागले.

आता ज्यांना बोलवायचं आहे त्यांच्यासाठी. दोन दिवसांचे मिळून माझे ९,५०० रुपये झाले, त्यात एक तुटलेली तार नवीन आणि थोडा फेल्ट. सांगितल्याप्रमाणे एकच तार गेली, शिवाय आधीच्या तरुणानं तोडलेली होती ती वेगळी, तिचे पैसे घेतले नाहीत. नवीन तार काही दिवस उतरत राहते, म्हणून आठवड्यानं वीस मिनिटांसाठी पुन्हा आले, त्याचेही नाहीत. पावती हातानं लिहून देतात. रविवारी येत नाहीत. काम चालू असताना फोन उचलत नाहीत, त्यामुळे दोन दोन दिवस थांबावं लागतं, आणि पावसाळ्यात वेळेचं काही खरं नाही. घाई असेल त्यांनी हे आधी धरून चालावं. घरात लहान मुलं, टीव्ही, पाहुणे असतील तर त्या दिवशी नका बोलावू, त्यांना पूर्ण शांतता लागते. त्यांच्या सांगण्यावरून नाव आणि नंबर इथे टाकत नाही, आत्ता जेवढी घरं आहेत तेवढीच त्यांना नीट सांभाळता येतात. आपल्याकडे पियानो शिकवणाऱ्यांना विचारलंत तर मिळेल.

जे झालं नाही तेही सांगते. डावं पेडल दाबलं की मोठ्या पियानोत हातोड्या बाजूला सरकतात आणि आवाजाचा रंग बदलतो, उभ्या पियानोत त्या फक्त तारांच्या जवळ येतात. एकच पट्टी भराभर वाजवायची तर मोठ्या पियानोत एरार या पियानो बनवणाऱ्यानं १८२१ मध्ये काढलेली यंत्रणा असते, आपल्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. भाचीला काही जागा त्यामुळे अडल्याच. अगदी वरचे चार पाच सूर अजून खडखडतात, तिथल्या हातोड्या बदलाव्या लागतील. अंकलनी स्वतःच सांगितलं की त्या त्यांच्याकडे नाहीत, आणि भलत्या मापाच्या बसवणार नाहीत.

भाची परत गेली. ती गेल्यापासून मी रोज सकाळी अर्धा तास बसते. नाणं मी पियानोवरच ठेवलं आहे, हातावर ठेवत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सूर थोडा उतरणार, तेव्हासाठी अंकलना नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार सांगून ठेवला आहे. सकाळी सातची वेळ घेतली आहे, घोडबंदरला गर्दी व्हायच्या आत.